शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारे अध्यापन

(महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मला 'अध्यापन आणि तंत्रज्ञान' हा विषय देण्यात आला आहे. या विषयावर बोलावयाचे म्हणजे नव्या यंत्रांची आणि सोयींची एक लांबलचक यादी वाचून दाखवावी, अशी काहीशी अपेक्षा असते. तशी यादी मी देणार नाही. यादी लवकर जुनी होते, आणि ती ऐकून वर्गात परत गेलेला प्राध्यापक दुसऱ्या दिवशी पूर्वीप्रमाणेच शिकवू लागतो, असा अनुभव आहे. त्याऐवजी उद्याच्या तासापासून करता येतील अशा काही गोष्टी, त्यांमागील कारणांसह, आपणांपुढे मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रारंभी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी विज्ञानाच्या प्रथम वर्षाला पदार्थविज्ञान शिकवीत असता फळ्यावर एक उदाहरण सोडविताना गुरुत्वीय त्वरणाचे मूल्य ९.८ लिहिण्याऐवजी मी ८.९ असे लिहिले आणि त्यावरून उत्तरही काढले. वर्गात सत्तरएक विद्यार्थी होते. कोणीही हूं की चूं केले नाही. आठवड्याने वह्या पाहिल्या तेव्हा ते ८.९ बहुतेक सर्व वह्यांतून सुवाच्य अक्षरांत उतरलेले आढळले. त्यांतील सर्वांत नीटनेटकी वही एका खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याची होती. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेला, घराण्यातून महाविद्यालयात येणारा तो पहिलाच. मी त्याच्या वहीवर 'उत्तम' असा शेरा दिला. पहिल्या सत्राच्या परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला आणि दिवाळीच्या सुटीनंतर महाविद्यालयात परत आलाच नाही.

त्याला काय समजत नव्हते, हे मला कळावे असा एकही मार्ग मी माझ्या वर्गात ठेवलेला नव्हता. मी बोलत होतो, तो लिहीत होता, आणि आम्हा दोघांनाही अध्यापन चालू असल्याचे समाधान होते. त्या दिवसापासून अध्यापनाचे कोणतेही साधन पारखताना, मग तो खडू असो वा संगणक, मी एकच प्रश्न विचारतो: शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याला काय समजले नाही, हे या साधनामुळे मला परीक्षेपूर्वी कळेल काय? आजचे माझे सर्व सांगणे या एका प्रश्नाच्या अनुषंगाने आहे.

साधनांचा इतिहास काय सांगतो?

शिक्षणात नवे साधन आले की आता शिक्षणाचा प्रश्न सुटला, अशी आशा आपल्या देशात वेळोवेळी निर्माण झाली आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या एका वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांपर्यंत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्यात आले. हा 'साइट' प्रयोग जगात गाजला. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दूरदर्शनवर देशव्यापी वर्गाचे कार्यक्रम सुरू केले. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडण्यात आला. जुलै २०१७ मध्ये 'स्वयम्' हे व्यासपीठ खुले झाले. पुढे २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे वर्ग बंद पडले आणि प्रत्येक प्राध्यापकाला मोबाइलच्या पडद्यावरून शिकविणे भाग पडले.

या प्रत्येक टप्प्यातून काही ना काही लाभ झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि एक गोष्ट सर्व टप्प्यांत समान राहिली. ज्ञान विद्यार्थ्यापर्यंत नेण्याची व्यवस्था सुधारत गेली; विद्यार्थ्याची अडचण शिक्षकापर्यंत परत येण्याची व्यवस्था मात्र त्या मानाने सुधारली नाही. साथीच्या काळात आपल्यापैकी अनेकांनी पडद्यावरील काळ्या चौकटींपुढे तासन् तास व्याख्याने दिली. पलीकडे कोणी ऐकत आहे की नाही, हेही कळत नव्हते. त्या अनुभवातून एवढे तरी आपण शिकले पाहिजे की, एकतर्फी व्याख्यान यंत्रावरून दिल्याने त्याचा एकतर्फीपणा जात नाही.

व्याख्यानाची मर्यादा

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणारे एरिक माझूर यांची हकीकत या संदर्भात उद्बोधक आहे. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत असत आणि परीक्षेतील अवघड गणितेही विद्यार्थी सोडवीत असत. १९९० च्या सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांना बलाविषयी अगदी साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न विचारून पाहिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले की, या प्रश्नांची उत्तरे तुम्ही शिकविल्याप्रमाणे लिहू, की मला जसे वाटते तसे लिहू? या एका प्रश्नाने माझूर यांना आपल्या अध्यापनाचा फेरविचार करावयास लावले. सूत्रे पाठ होती, पण मूळ समजूत जुनीच राहिली होती. १९९१ पासून त्यांनी व्याख्यान तोडून मध्ये प्रश्न घालण्याची आणि विद्यार्थ्यांना आपसांत चर्चा करावयास लावण्याची पद्धत सुरू केली.

हा एका व्यक्तीचाच अनुभव नव्हे. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या पदवी वर्गांसंबंधीच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निव्वळ व्याख्यान असलेल्या वर्गांत अनुत्तीर्ण होणाऱ्यांचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना काही कृती करावयास लावणाऱ्या वर्गांत ते सुमारे २२ टक्के आढळले. हे आकडे प्रामुख्याने परदेशांतील आहेत, हे ध्यानात ठेवूनही त्यांचा आशय आपण मनावर घेतला पाहिजे. कारण आपल्याकडे अनुत्तीर्ण होणारा विद्यार्थी पुष्कळदा पुन्हा परीक्षेला बसत नाही. तो शिक्षणच सोडून देतो, आणि विद्यार्थिनी असेल तर घरची मंडळी तिच्या लग्नाची बोलणी सुरू करतात.

एक प्रश्न आणि चार रंगांचे पुठ्ठे

आता प्रत्यक्ष वर्गात काय करावे, ते सांगतो. प्रत्येक विद्यार्थ्याला लाल, पिवळा, हिरवा व निळा असे चार रंगांचे पुठ्ठ्याचे तुकडे द्यावेत. दहा-बारा मिनिटे विषय समजावून दिल्यावर फळ्यावर एक प्रश्न व त्याचे चार पर्याय लिहावेत. उदाहरणार्थ, भरधाव एसटीची गाडी आणि मोटारसायकल यांची समोरासमोर टक्कर झाली, तर बल कोणी कोणावर अधिक लावले? गाडीने मोटारसायकलीवर, मोटारसायकलीने गाडीवर, दोघांनी एकमेकांवर समान, की दिलेल्या माहितीवरून सांगता येणार नाही? विद्यार्थ्यांनी मिनिटभर एकट्याने विचार करावा आणि आपण सांगताच सर्वांनी एकाच वेळी आपापला पुठ्ठा छातीजवळ धरावा, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून रंग बदलण्यास वाव राहत नाही.

शिक्षकाने वर्गावर एक नजर फिरविली की परिस्थिती कळते. बरोबर उत्तरे सत्तर टक्क्यांहून अधिक असतील, तर थोडक्यात खुलासा करून पुढे जावे. तीस टक्क्यांहून कमी असतील, तर तो भाग निराळ्या रीतीने पुन्हा समजावून द्यावा. चर्चेने काही निष्पन्न होणार नाही. यांच्या दरम्यान असतील, तर निराळा रंग दाखविणाऱ्या शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून देण्यास दोन-तीन मिनिटे द्यावीत आणि पुन्हा मत घ्यावे. दुसऱ्या वेळी बरोबर उत्तरांची संख्या बहुधा वाढलेली दिसते. ज्याला ती गोष्ट नुकतीच समजलेली असते, त्याला आपल्या मित्राची अडचण कोठे आहे, हे पुष्कळदा आपल्यापेक्षा लवकर उमगते, आणि तो ती त्याच्या बोलीत सांगू शकतो.

गाडी आणि मोटारसायकल यांच्या प्रश्नात बल दोन्ही बाजूंना समान असते. वस्तुमान निराळे असल्यामुळे परिणाम निराळे होतात. हे उत्तर 'क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात' असे पाठ म्हणणाऱ्या मुलांनाही प्रथम पटत नाही. त्यांना ते पटत नाही, हे कळणे हाच या पद्धतीचा उपयोग.

इतर विषयांतही असे प्रश्न सहज तयार होतात. वाणिज्य शाखेत असे विचारावे: दुकानदाराने ८०,००० रुपयांचा माल १,००,००० रुपयांना संपूर्ण उधारीवर विकला, त्याचा नफा किती आणि त्या दिवशी त्याची रोख शिल्लक कितीने वाढली? नफा २०,००० रुपये आणि रोख वाढ शून्य, हे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला पुढील संपूर्ण वर्षभराचा हिशेबशास्त्राचा अभ्यासक्रम अंधारातच चाचपावा लागणार. प्रश्न चांगला कोणता, याची खूण अशी की, त्याचे चुकीचे पर्यायही विद्यार्थ्यांच्या खऱ्या गैरसमजुतींतून आलेले असावेत. जुन्या उत्तरपत्रिका हे अशा पर्यायांचे उत्तम भांडार होय.

याच कामासाठी मोबाइलवर उत्तरे नोंदविण्याच्या सोयी आहेत आणि त्या चांगल्याही आहेत. तथापि वर्गातील पाच विद्यार्थ्यांकडे मोबाइल नसेल, तर त्या पाचांचे मत आपणांस कळणार नाही. आणि बहुधा तेच पाचजण आपल्या चिंतेचा विषय असावयास हवेत. पुठ्ठ्याला वीज लागत नाही व जाळे लागत नाही.

थांबणे, आठवणे आणि लिहिणे

अध्यापनातील सर्वांत स्वस्त साधन म्हणजे प्रश्न विचारल्यानंतरची शांतता. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात केलेल्या निरीक्षणांत असे आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरे अधिक सविस्तर येऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. आपल्या वर्गातील विद्यार्थ्याला तर इंग्रजी प्रश्न मनातल्या मनात मराठीत आणावा लागतो, उत्तर शोधावे लागते आणि ते पुन्हा इंग्रजीत न्यावे लागते. त्याला तीन सेकंदही अपुरेच आहेत. मनात दहा आकडे मोजावेत, हा माझा नियम आहे.

दुसरी गोष्ट आठवण्याची. तासाच्या आरंभी वह्या मिटवून, मागील तासातील तीन मुद्दे कोऱ्या कागदावर लिहावयास सांगावे. त्याला गुण देऊ नयेत. केवळ पुनर्वाचन केल्याने आपल्याला विषय येतो असा भास होतो. आठवून लिहिल्याने तो खरोखर टिकतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर त्यातील ४२ टक्के भाग आठवला, तर वाचून झाल्यावर तो आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवला. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत मात्र पुन्हा वाचणारेच पुढे होते. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या वाचनावर आपल्या विद्यार्थ्यांचा एवढा विश्वास का, हे यावरून ध्यानात येईल.

तिसरी गोष्ट तासाच्या अखेरची चिठ्ठी. शेवटच्या चार मिनिटांत प्रत्येकाने, नाव न घालता, आज काय समजले आणि काय समजले नाही, हे दोन ओळींत लिहावे; मराठीत लिहिले तरी चालेल, हे आवर्जून सांगावे. सत्तर चिठ्ठ्या वाचण्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. समजले, थोडे अडले, मुळीच समजले नाही, असे तीन गठ्ठे करावेत आणि पुढील तासाचा आरंभ दुसऱ्या व तिसऱ्या गठ्ठ्यापासून करावा. आपल्या चिठ्ठीची दखल घेतली गेली, असे दोन वेळा दिसले की विद्यार्थी मोकळेपणाने लिहू लागतात.

या सर्वांना वेळ कोठून आणावा, असे आपण विचाराल. आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. हजेरीला तीन मिनिटे, मागील भाग आठवण्यास पाच, पहिल्या विवेचनास बारा, पहिल्या प्रश्नास सहा, दुसऱ्या विवेचनास बारा, दुसऱ्या प्रश्नास सहा आणि चिठ्ठीस चार, अशी विभागणी करून पाहावी. चोवीस मिनिटांचे विवेचन पुरत नाही असे वाटले, तर आपण वर्गात जे सांगतो त्यातील किती भाग पुस्तकात जसाच्या तसा आहे, ते तपासावे.

फळा, पडदा आणि ध्वनिफीत

फळा हे अद्यापही उत्तम साधन आहे, कारण त्यावर विचार हळूहळू उलगडतो. वर्ग भरण्यापूर्वी फळ्यावर एक ओळ लिहून स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसावे आणि ती वाचता येते काय, हे पाहावे. तास संपल्यावर फळा पुसण्यापूर्वी मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावे व ते विद्यार्थ्यांना पाठवावे, म्हणजे वर्गात उतरवून घेण्याची घाई कमी होऊन ऐकण्यास सवड मिळते. मोबाइल एखाद्या स्टँडवर खाली तोंड करून बसविला आणि प्रोजेक्टरला जोडला, तर लहान उपकरण, नकाशा, पानावरील आकृती किंवा हाताने सोडविलेले उदाहरण सर्व वर्गाला मोठे करून दाखविता येते.

पडद्यावर दाखवावयाच्या स्लाइडवर आपले संपूर्ण भाषण लिहून तेच वाचून दाखविणे टाळावे. तोच मजकूर एकाच वेळी वाचावा आणि ऐकावा लागला, तर आकलनास मदत होण्याऐवजी अडथळा होतो. एका स्लाइडवर एक आकृती किंवा एक मुद्दा पुरे. उजेड असलेल्या खोलीत फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षरे वापरावीत. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या टंकांतील मजकूर विद्यार्थ्याच्या मोबाइलवर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटतो. पानांची छायाचित्रे काढून केलेले टिपण अंध विद्यार्थ्याच्या वाचक प्रणालीला वाचता येईलच असे नाही. युनिकोडमधील टंकलिखित मजकूर मात्र ती वाचून दाखवू शकते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ अन्वये अशा विद्यार्थ्यांना शिक्षणात सामावून घेणे हे संस्थांचे कर्तव्य आहे. त्याचा प्रारंभ आपल्या टिपणांपासून होऊ शकतो.

ध्वनिचित्रफीत करावयाची असेल, तर ती लहान असावी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑनलाइन अभ्यासक्रमांतील चित्रफिती पाहण्याच्या ६९ लाख प्रसंगांची छाननी करण्यात आली. चित्रफीत कितीही लांब असली, तरी ती पाहण्याचा मध्यम कालावधी सहा मिनिटांपलीकडे जात नाही, असे दिसून आले. एका चित्रफितीत एकच संकल्पना असावी व शेवटी एक प्रश्न असावा. चित्राची गरज नसेल, तर केवळ ध्वनिफीत करावी. साध्या गुणवत्तेची दहा मिनिटांची ध्वनिफीत तीन ते पाच एमबीमध्ये मावते. तेवढ्याच वेळेच्या चित्रफितीला दहापट किंवा अधिक जागा लागते. घरातील एकच मोबाइल वडील कामावर घेऊन जातात, अशा विद्यार्थ्याने रात्री नऊनंतर अर्ध्या तासात काय उतरवून घ्यावे, याचा हिशेब आपण केला पाहिजे.

व्हॉट्सॲपच्या समूहाविषयी एक सावधगिरीची सूचना. समूहात सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात. त्यामुळे विद्यार्थिनींना मनस्ताप होऊ शकतो आणि पुष्कळदा घरातून मोबाइलच काढून घेतला जातो. सदस्यांचे क्रमांक एकमेकांना दिसणार नाहीत, अशीच सोय निवडावी. शिवाय महत्त्वाची प्रत्येक सूचना वर्गाबाहेरील फलकावरही लावावी.

भाषेचा अडसर आणि तयार सामग्री

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी विषयात कच्चा नसतो. पुष्कळदा तो शब्दांपाशी अडतो. 'त्वरण', 'घनता', 'घसारा' या संकल्पना त्याला ठाऊक असतात, पण त्यांची इंग्रजी नावे ऐकताच त्या परक्या वाटू लागतात. यास्तव प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी पंधरा-वीस पारिभाषिक संज्ञांची द्विभाषिक यादी द्यावी. शासनाच्या भाषा संचालनालयाने तयार केलेले विविध विषयांचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश हे दोन्ही आता संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध आहेत. एवढी मोठी संपत्ती हाताशी असताना तिचा उपयोग न करणे हे आपले दुर्दैव होय.

सर्व सामग्री आपणच निर्माण केली पाहिजे, असेही नाही. देशातील आयआयटी संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचा एनपीटीईएल हा उपक्रम २००३ पासून चालू आहे. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात संगणक प्रणालींचे लहान लहान पाठ मराठी निवेदनासह मिळतात. जेथे प्रयोगशाळेत उपकरणे अपुरी आहेत, तेथे शिक्षण मंत्रालयाच्या 'व्हर्च्युअल लॅब्स' उपयोगी पडतील. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' प्रकल्प नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यातील पुष्कळ प्रतिरूपे मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की ती इंटरनेटविना चालतात. तथापि ही सामग्री केवळ 'पाहा' म्हणून देऊ नये. विद्युत मंडलाचे प्रतिरूप दाखविण्यापूर्वी, दुसरा दिवा जोडल्यास पहिल्याचा उजेड वाढेल, कमी होईल की तसाच राहील, याचे भाकीत प्रत्येकाने लिहून ठेवावे. भाकीत चुकले की त्याला कारण जाणून घ्यावेसे वाटते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले, आणि तेव्हापासून घरी लिहून आणावयाच्या निबंधाचे स्वरूपच पालटले. प्रवाही भाषेत लिहिलेला, नेटका, पण कित्येकदा चुकीच्या संदर्भांनी भरलेला मजकूर कोणालाही क्षणार्धात मिळू लागला. मजकूर यंत्राचा की माणसाचा, हे ओळखून देतो असे सांगणाऱ्या प्रणाली नेहमी विश्वसनीय नसतात. त्यांच्या आधारे एखाद्या विद्यार्थ्यावर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल.

यावर माझ्या मते दोन उपाय आहेत. पहिला असा की, गृहपाठ विद्यार्थ्याच्या परिसराशी जोडावा. आपल्या गावातील विहिरीची पाणीपातळी महिनाभर मोजून तिचा आलेख काढावा. दूध संस्थेच्या दरपत्रकावरून स्निग्धांश आणि भाव यांचा संबंध मांडावा. गावातील दहा कुटुंबांच्या खर्चाची नोंद घेऊन तिचे वर्गीकरण करावे. अशा कामाची मूळ नोंदवही यंत्र देऊ शकत नाही. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक गृहपाठानंतर काही विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकून निवडावे आणि तीन मिनिटे तोंडी प्रश्न विचारावेत. आपली पाळी येऊ शकते, हे ठाऊक असले की विद्यार्थी आपले लिखाण निदान समजून तरी घेतो.

प्राध्यापकांनी स्वतः या साधनाचा उपयोग अवश्य करावा. एकाच उदाहरणाच्या दहा आवृत्त्या, बहुपर्यायी प्रश्नांचे मसुदे, अवघड उताऱ्याचे सोपे रूप, यांसाठी त्याने बराच वेळ वाचतो. मात्र प्रत्येक उत्तर स्वतः पडताळून पाहावे आणि विद्यार्थ्यांची नावे, गुण किंवा खाजगी माहिती त्यात कधीही भरू नये.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जातो की, या मार्गाने अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही. आक्षेप खरा आहे; आपण थोडे कमी शिकवू. पण माझ्या त्या वर्गात अभ्यासक्रम वेळेवर पूर्ण झाला होता, आणि तो विद्यार्थी त्यापूर्वीच निघून गेला होता. जो भाग वाचून समजण्यासारखा आहे, तो टिपणावर सोपवावा आणि जेथे बहुतेकांचा पाय अडखळतो, तेथे वर्गाचा वेळ खर्च करावा.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा असतो: सर शिकवीत नाहीत, आम्हालाच विचारतात. याबाबत २०१९ मध्ये हार्वर्ड येथील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कृती करून शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटत होते. डोक्याला ताण पडला की शिकणे अवघड झाल्यासारखे भासते. म्हणून पहिल्याच आठवड्यात आपण असे का शिकवीत आहोत, हे विद्यार्थ्यांना मोकळेपणाने सांगावे, आणि एका महिन्यानंतर त्यांच्या स्वतःच्या गुणांतील फरक त्यांना दाखवावा.

प्रशासनाचा आणि पंचायतींचा वाटा

येथे उपस्थित असलेल्या अधिकाऱ्यांना व पंचायत सदस्यांना माझी एक विनंती आहे. महाविद्यालयाला यंत्रे देताना त्यांच्या दुरुस्तीची, वीजपुरवठ्याची आणि ती वापरणाऱ्याच्या प्रशिक्षणाची तरतूदही त्याच वेळी करावी. प्रोजेक्टरचा दिवा गेला म्हणून वर्षभर झाकून ठेवलेले यंत्र मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. तपासणीच्या वेळी किती यंत्रे आली, एवढेच न विचारता, आपल्या वर्गाला काय समजत नाही असे तुम्हाला गेल्या महिन्यात आढळले आणि त्यावर काय केले, असा प्रश्न प्राध्यापकांना विचारावा.

पंचायतींना तर यात मोठे कार्य करता येईल. भारतनेट प्रकल्पाद्वारे अनेक ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर पोहोचले आहे. जेथे ती सोय चालू आहे, तेथे ग्रामपंचायतीच्या इमारतीतील एक खोली सायंकाळी अभ्यासिका म्हणून उघडी ठेवता येईल. चार टेबले, चांगला उजेड, इंटरनेटची जोडणी आणि मुलींना निर्धास्तपणे येता-जाता येईल अशी वेळ एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. गावातील किती मुले-मुली महाविद्यालयात जातात आणि त्यांतील कोणी मध्येच शिक्षण सोडले काय, याची नोंद ग्रामसभेपुढे वर्षातून दोनदा ठेवावी. एखाद्या विद्यार्थ्याने जाणे बंद केले, तर आठ दिवसांच्या आत महाविद्यालयाला निरोप जावा. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मला कळले, तोवर तीन महिने लोटले होते.

मित्रहो, मी सांगितलेल्या सर्व गोष्टी एकदम सुरू कराव्यात, अशी माझी अपेक्षा नाही. पुढील सोमवारी केवळ एक प्रश्न आणि एक चिठ्ठी, एवढ्यानेच प्रारंभ करावा. पहिल्या दिवसाच्या चिठ्ठ्या वाचताना थोडे वाईट वाटेल, हे मी अनुभवाने सांगतो. आपण सांगितले ते आणि त्यांना समजले ते यांतील अंतर पाहून मन खट्टू होते. परंतु ते अंतर पूर्वीही होतेच. आपणांस ते कळत नव्हते, इतकेच. आता वर्गात फळ्यावर माझ्या हातून आकडा चुकला, तर बहुधा शेवटच्या बाकावरूनच कोणीतरी हात वर करतो आणि म्हणतो, "सर, तेथे काही तरी चुकले आहे." ते ऐकण्यात मला फार समाधान वाटते.